अल्फा कणांचा पल्ला मोजणारे विल्यम ब्रॅग

क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल पुत्र लॉरेन्स यांच्यासमवेत १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ, ही विल्यम हेन्री ब्रॅग यांची सर्वपरिचित ओळख. मात्र कर्करुग्णांच्या आज उपयोगी पडणारे त्यांचे एक संशोधन त्याच्या दशकभर आधीचे आहे. विद्युतभारित कण पदार्थातून जाताना आपली ऊर्जा कोठे आणि कशी गमावतो, याचा तो शोध होता.

ब्रॅग यांचा जन्म २ जुलै १८६२ रोजी इंग्लंडमधील कंबरलंड परगण्यात झाला. वयाच्या सातव्या वर्षी आईचे छत्र हरपल्यावर काकांनी त्यांचा सांभाळ केला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते तिसरे आले. १८८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २३ होते. भौतिकशास्त्राचा अभ्यास जेमतेमच असल्याने बोटीच्या प्रवासात त्यांनी त्या विषयाची पुस्तके वाचली. पुढील सुमारे १८ वर्षे अध्यापनात गेली. उल्लेखनीय संशोधन त्यांच्या हातून झाले नाही.

जानेवारी १९०४ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील विज्ञान परिषदेत त्यांना भाषण द्यायचे होते. त्यासाठी किरणोत्सारावरील ताजे लेखन अभ्यासताना त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. प्रकाशाप्रमाणे अल्फा किरणही पदार्थात हळूहळू क्षीण होत जातात, असा सर्वसाधारण समज होता. पण अल्फा कण जड असतील, तर ते सरळ रेषेत जाऊन ठरावीक अंतरावरच थांबायला हवेत, असे ब्रॅग यांना वाटले. त्यांनी रेडियम मिळविले आणि सहायक रिचर्ड क्लीमन यांच्यासह प्रयोग सुरू केले. त्या वेळी ब्रॅग ४१ वर्षांचे होते.

तर्क खरा ठरला. प्रत्येक गटातील कणांचा पल्ला निश्चित होता. हवेत तो जेमतेम काही सेंटिमीटर भरे. शिवाय कणामुळे होणारे आयनीभवन वाटेच्या अखेरीकडे वाढत जाई आणि नंतर एकदम थांबे. कण मंदावला की वाटेतील अणूंच्या इलेक्ट्रॉनांजवळ तो अधिक वेळ असतो, त्यामुळे त्याची ऊर्जाही अधिक वेगाने खर्ची पडते. आलेखातील या शिखराला पुढे ब्रॅग यांचेच नाव मिळाले. दोघांनी धातूंचे पातळ पत्रे वाटेत ठेवूनही मोजमाप केले. अणूची रोधनशक्ती त्याच्या अणुभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. सोन्याचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूहून सातपटीपेक्षा जड. पण या नियमानुसार त्याची रोधनशक्ती सुमारे पावणेतीनपटच भरते. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये आणि हान्स बेथे यांनी १९३० मध्ये या ऊर्जाऱ्हासाची सैद्धांतिक मांडणी केली.

१९०९ मध्ये ब्रॅग इंग्लंडला परतले आणि लीड्स विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये नोबेल जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी त्यांचा धाकटा मुलगा रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईत मृत्युमुखी पडला होता. १९२३ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची धुरा त्यांनी वाहिली. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी या शिखराचा वैद्यकीय उपयोग सुचविला. प्रोटॉनचा वेग नेमका ठरविला, तर त्याची सर्वाधिक ऊर्जा शरीरातील गाठीतच उतरते आणि पलीकडचे निरोगी अवयव बचावतात. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारकाच्या केंद्रात २०२३ पासून याच तत्त्वावर रुग्णांवर उपचार होत आहेत.