डॉ. पापानिकोलाऊ आणि ऊसतोडीच्या स्त्रिया

महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आल्याचे आढळून आले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. या दोन पाहण्यांतील स्त्रियांचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत हे मान्य केले, तरी एवढी तफावत केवळ वयाच्या हिशेबाने मिटणारी नव्हे.

या प्रकरणाची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून धरला जाणारा एक कोयता, एक दिवस फडावर न गेल्यास कापला जाणारा खाडा, कोपीवर पाण्याची आणि आडोशाची वानवा, या साऱ्यांचा ऊहापोह झाला व तो योग्यच होता. परंतु या स्त्रियांच्या सांगण्यात वारंवार येणाऱ्या एका शब्दाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. तो शब्द कॅन्सर. अंगावर पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईस पिशवी खराब झाली आहे, ती ठेवली तर कॅन्सर होईल, असे सांगण्यात येई. आणि मग कर्ज काढून, वा मुकादमाकडून पुढची उचल घेऊन पिशवी काढली जाई. वस्तुतः असे पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते व ते औषधाने बरे होते. कर्करोगाची शंका खरोखरच असेल, तर ती खरी की खोटी हे ठरविण्याची पद्धत जगात रूढ होऊन २०१९ साली पाऊणशे वर्षे उलटून गेली होती. ही पद्धत ज्याने दिली त्याच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे आपल्या रुग्णालयांत उरले आहे. पॅप तपासणीतील पॅप ते हेच. हा गृहस्थ कोण, आणि त्याला या शोधासाठी काय किंमत मोजावी लागली, हे पाहण्यासारखे आहे.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीस देशातील युबीया बेटावरील कीमी या गावी झाला. वडील गावातील डॉक्टर. मुलाने आपली गादी चालवावी ही त्यांची इच्छा, आणि १९०४ मध्ये अथेन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन मुलाने ती अर्धीच पुरी केली. कीमीत दवाखाना थाटून आयुष्य काढणे त्याच्या मनास येईना. तो जर्मनीस गेला, येना व फ्रायबुर्ग करीत म्युनिकला पोहोचला आणि १९१० मध्ये त्याने प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी आंद्रोमाखी या मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढे जग तिला मेरी या नावाने ओळखू लागले, आणि या शोधाच्या इतिहासात तिचे स्थान पतीच्या मागे नसून शेजारी आहे.

काही काळ मोनॅकोच्या सागरविज्ञान संस्थेत काढल्यावर बाल्कन युद्ध सुरू झाले आणि पापानिकोलाऊंना सैन्यात डॉक्टर म्हणून जावे लागले. तेथे अमेरिकेहून लढावयास आलेल्या ग्रीक स्वयंसेवकांशी त्यांची गाठ पडली. १९१३ च्या ऑक्टोबरात हे दांपत्य न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते, खिशात जेमतेम अडीचशे डॉलर होते. जिंबल्स नावाच्या मोठ्या दुकानात मेरी आठवड्याला पाच डॉलरवर कपड्यांना गुंड्या शिवू लागली, आणि म्युनिकचा हा डॉक्टरेट झालेला संशोधक त्याच दुकानात गालिचे विकावयास उभा राहिला. ते काम त्याला एक दिवसही धड झेपले नाही. मग उपाहारगृहात व्हायोलिन वाजव, ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी कर, असे दिवस काढल्यावर १९१४ मध्ये कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. मेरीही त्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आली.

तेथे काम होते गिनीपिगांवर. मादीच्या शरीरात बीजांड नेमके केव्हा परिपक्व होते हे कळण्यास त्या काळी मादी मारून पाहण्याखेरीज मार्ग नव्हता. प्राणी फुकट मरत आणि वेळ बहुधा चुकलेलीच निघे. स्त्रीप्रमाणे या प्राण्यांतही ठराविक काळाने काही स्राव होत असला पाहिजे, तो एवढा अल्प की डोळ्यांस दिसत नसावा, असा तर्क पापानिकोलाऊंनी केला. नाक तपासण्याचे एक छोटे उपकरण आणून त्यांनी रोज योनिस्राव घेतला, काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींचे रूप दिवसागणिक ठराविक क्रमाने बदलत होते. १९१७ मध्ये स्टॉकार्ड व पापानिकोलाऊ यांचा यावरील निबंध प्रसिद्ध झाला. कर्करोगाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

जे गिनीपिगांत दिसले ते स्त्रीमध्ये दिसते का, हा पुढील प्रश्न. येथे मेरीचा वाटा येतो. तिने स्वतःला या प्रयोगासाठी दिले. एकदोनदा नव्हे, सुमारे एकवीस वर्षे. तिच्या स्रावाच्या काचपट्ट्या वर्षानुवर्षे तपासल्या गेल्या, निरोगी स्त्रीच्या पेशींचे रूप पापानिकोलाऊंनी मुख्यत्वे त्यांवरून निश्चित केले, आणि निरोगी म्हणजे काय हे पक्के ठाऊक असल्यामुळेच पुढे रोगट पेशी त्यांच्या डोळ्यांना चटकन वेगळी दिसली. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत या बाईंच्या वाट्यास बहुधा एखादेच वाक्य येते, ही कृतघ्नता होय.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या स्त्री-रुग्णालयातील काचपट्ट्या पाहताना त्यांना काही स्रावांत वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्रकांच्या पेशी आढळल्या. त्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेला होता. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी हा निष्कर्ष मांडला. परिषद वंशसुधारणावाद्यांची, निबंध घाईघाईने छापलेला, आणि श्रोते थंड. गर्भाशयमुख हाताशी आहे, तुकडा कापून सरळ तपासता येतो, मग ओघळलेल्या पेशी शोधीत कशाला बसावयाचे, असा विकृतिशास्त्रज्ञांचा प्रश्न होता. रुमानियात डॉ. आउरेल बाबेश यांनी १९२७ मध्ये वेगळ्या रीतीने हेच दाखविले होते, त्यांचीही कोणी दखल घेतली नाही. शोधाचे श्रेय एकट्या पापानिकोलाऊंना देताना बाबेश यांचे नाव घेणे न्यायाचे आहे.

विकृतिशास्त्रज्ञांच्या प्रश्नात एक मोठी उणीव होती. तुकडा कापावयाचा तो तक्रार घेऊन आलेल्या बाईचा; आणि या रोगात तक्रार सुरू होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. त्या अवधीत बाईला काहीही होत नसते, आणि बिघाड कळला तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून काही मिनिटांत तिला मोकळी करता येते. जिला काहीही होत नाही तिची तपासणी करावयाची, ही कल्पनाच त्या काळच्या वैद्यकाला परकी होती. पापानिकोलाऊंनी वाद घातला नाही. ते पुन्हा संप्रेरकांच्या कामाकडे वळले आणि अकरा वर्षे गेली. १९३९ मध्ये स्टॉकार्ड वारले, विभागाला नवे प्रमुख आले, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने न्यूयॉर्क रुग्णालयात काम नव्याने सुरू झाले. १९४१ मध्ये दोघांचा निबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील पेशींची चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढलेली होती. या वेळी मात्र वैद्यकीय जगाने कान दिला.

पुढचे यश शोधकाचे कमी आणि सरकारांचे अधिक. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९४९ पासून ही तपासणी सर्वसामान्य स्त्रियांपर्यंत नेली. फिनलंडने १९६० च्या दशकात प्रत्येक स्त्रीस ठराविक वर्षांनी पत्र पाठवून बोलावण्याची पद्धत बसविली, आणि तेथे हा रोग सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटला. पापानिकोलाऊंना हे पाहावयास मिळाले नाही. आयुष्यभर सुट्टी न घेणारा हा माणूस नोव्हेंबर १९६१ मध्ये मायामीतील कर्करोग संस्थेचा कारभार पाहण्यास गेला आणि १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने वारला. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही. मेरीने त्यांच्यामागे वीस वर्षे काढली. दोघांना अपत्य नव्हते.

ज्या १९४१ साली तो निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. म्हणजे आपण फार मागून निघालो असे नाही. पण ही तपासणी स्वस्त दिसते तशी ती नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात घेतले पाहिजे. काचपट्टीला पैसे पडत नाहीत. ती वाचणारा तयार डोळा मात्र वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने मिळतो. एकदा घेतलेल्या स्रावात दोष निसटण्याचा संभव बराच असतो, म्हणून दर काही वर्षांनी तीच बाई पुन्हा यावी लागते. टपाल, यादी, प्रयोगशाळा आणि बाईची फुरसत यांपैकी एक दुवा तुटला की साखळी संपली.

हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच सिद्ध झाले आहे. मांजरेपलीकडील धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, येथे १९९९ पासून एक प्रचंड प्रयोग झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने, टाटा स्मारक केंद्र आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी तो उभा केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचे गावांच्या बावन्न समूहांनुसार चार गट पाडण्यात आले. एका गटाची पापानिकोलाऊंची तपासणी झाली, दुसऱ्याच्या गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात आले, तिसऱ्याची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली आणि चौथ्याची काहीच नाही. हा विषाणू व हा कर्करोग यांचे नाते हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात उघड केले होते. तपासणी प्रत्येकीची फक्त एकदाच.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने काहीही न केलेल्या गटात ६४ मृत्यू झाले होते, पापानिकोलाऊंच्या तपासणीच्या गटात ५४, आम्लाच्या तपासणीच्या गटात ५६ आणि विषाणूच्या तपासणीच्या गटात ३४. गट साधारण सारखेच मोठे होते. पहिल्या तीन आकड्यांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. चौथा निर्विवाद उतरतो. फिनलंडला तारणारी काचपट्टी आपल्या खेड्यात एकदाच वापरली तर फारसे साधत नाही, आणि विषाणूची तपासणी एकदाच केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे ज्ञान जगाला मराठवाड्यातील स्त्रियांनी दिले. ज्या ३१,४८८ स्त्रियांची मुद्दाम तपासणी केली गेली नाही, त्यांच्याबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेण्यात आले. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत, आणि निष्कर्ष हाती आल्यावर तो अमलात न आणल्यास त्यांची धार वाढतच जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून प्रथम तपासणी म्हणून विषाणूचीच शिफारस केली आहे, आणि पस्तिसाव्या व पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत अशी प्रत्येकी एक, म्हणजे आयुष्यात दोन तपासण्या तिने ध्येय म्हणून ठेवल्या आहेत. आपल्या शासनाने २०१६ मध्ये आम्लाच्या तपासणीचा कार्यक्रम आखला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीसुद्धा तपासणी झालेली आढळली नाही. बीडमध्ये कॅन्सरची भीती खेडोपाडी पोहोचली, तपासणी पोहोचली नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत शस्त्रक्रियेचा व्यापार उभा राहिला.

पैशाचा प्रश्न येथे आड येऊ नये. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झालेले आहे आणि त्यासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचा निर्णयही झाला. विषाणूच्या तपासणीवर हा पैसा खर्च करण्याइतका सरळ विनियोग दुसरा सुचत नाही. नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यासाठी डॉक्टर लागत नाही. दोष आढळलेल्या थोड्याजणींना पुढील उपचारासाठी नेण्यास अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडचण आहे ती वेळापत्रकाची. टोळ्या उन्हाळ्यात गावी परततात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा निघतात. नमुना घेणे, निकाल येणे, दोष असणारीस शोधून तिच्यावर उपचार करणे हे सारे याच चार-पाच महिन्यांत उरकले पाहिजे. कारण एकदा ट्रक फडाकडे गेला, की पुढील सहा महिने ही बाई कोणत्याच उपकेंद्राच्या यादीत सापडत नाही.