देवांना चेहरा देणारा कर्जबाजारी चित्रकार

आषाढीला वडाळ्याच्या कात्रक रोडवरून कधी चालत गेलायत? विठ्ठल मंदिराच्या रांगेला समांतर दुसरी एक रांग असते, देवांच्या फोटोफ्रेम विकणाऱ्यांची. कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती. वीणा घेतलेली सरस्वती आणि तिच्या पायाशी मोर. आपण घासाघीस करतो, फ्रेम पिशवीत टाकतो आणि पाच नंबरच्या भेळेकडे वळतो. लक्ष्मी अशीच का दिसते, हा प्रश्न काही पडत नाही.

ती अशी दिसते, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी राजा रवि वर्मा नावाच्या माणसाने तिला तशी रंगवली. आणि नुसती रंगवली नाही, तर छापून घरोघरी पोचवली. त्या छापखान्याने त्याला जवळपास बुडवलं, ती गोष्ट मात्र फ्रेमच्या मागे राहिली.

केतन मेहताचा ‘रंगरसिया’ पाहिला असेल तर यातलं थोडं तुम्हाला ठाऊक असेल. रणदीप हुडा, नंदना सेन. रणजित देसाईंच्या ‘राजा रवि वर्मा’ या कादंबरीवर बेतलेला सिनेमा. २००८ मध्ये तो लंडनच्या महोत्सवात दाखवला गेला, पण आपल्याकडे थिएटरला लागायला २०१४चा नोव्हेंबर उजाडला. एका चित्रकाराला लोक कसे छळतात हे सांगणारा सिनेमा स्वतःच सहा वर्षं अडकून पडला, हा योगायोग दिग्दर्शकाला नक्कीच बोचला असणार. तरी एक लक्षात ठेवून बघा. हा कादंबरीवरचा सिनेमा आहे, चरित्राचा पुरावा नव्हे.

खरा रवि वर्मा २९ एप्रिल १८४८ला त्रावणकोरमधल्या किळिमानूरला जन्मला. राजघराण्याशी सोयरिक असलेलं कुटुंब. भिंतींवर कोळशाने चित्रं काढणाऱ्या या पोराला मामाने हेरलं आणि चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमला महाराजांसमोर उभं केलं. तिथे राहायची सोय झाली, पण शिकवणार कोण? तैलरंग तेव्हा इथे नवे होते. ज्याला ते जमत होते त्या दरबारी चित्रकाराने हातचं राखलं. पुढे थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला, त्यानेही शिकवलं नाहीच. फक्त काम करताना शेजारी उभं राहू दिलं. रवि वर्मा बघून बघून शिकला. आज ट्युटोरियल पॉज करून मागे नेता येतं, त्याला ती सोय नव्हती.

१८७३ मध्ये केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि गाडी सुटली. संस्थानिक पोर्ट्रेट काढून घ्यायला रांगा लावू लागले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याला बोलावलं, नंतर पुराणकथांवरची चौदा मोठी चित्रं करायला सांगितली. त्यासाठी तो धाकट्या भावाला, राजा वर्माला घेऊन उत्तरेत फिरला. प्रश्न साधा होता, पण भलताच अवघड. द्रौपदी, दमयंती, शकुंतला नेसायच्या काय? प्रांतागणिक वेगळा पेहराव. मग त्याने साडी निवडली. त्याच्या कितीतरी नायिकांच्या साडीची ठेवण अस्सल मराठी वाटते, ती उगाच नाही.

या धावपळीत घर मागे पडलं होतं. वयाच्या अठराव्या वर्षी लग्न झालेलं, बायको भागीरथी मावेलिक्कराला, हा कायम परमुलखात. १८९१ मध्ये ती गेली. सिनेमा या बाईला फार वेळ देत नाही. मला हे खटकतं, कारण त्याच्या बाकीच्या सगळ्या बायका कॅनव्हासवर आहेत आणि ही एकटीच बाहेर राहिली.

१८९४ साली मुंबईत त्याने प्रेस काढला. कल्पना जुनी होती, दिवाण टी. माधवराव यांनी ती आधीच सुचवली होती, की मागणी एवढी आहे तर चित्रं छापून घ्या. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे, भागीदार मुंबईचा. काम किचकट. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचा. जरा सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती आणि बाकीचे देव.

इथे थांबून विचार करा. तेव्हा देशातल्या असंख्य लोकांना जातीमुळे देवळाची पायरी चढता येत नव्हती. त्यांच्या भिंतीवर आता देव आला, तोही पुजाऱ्याला न विचारता. सिनेमातला संघर्ष इथूनच पेटतो आणि माझ्या मते त्यातला हाच भाग सगळ्यात दमदार आहे, कोर्टातल्या भाषणांपेक्षाही.

पण प्रेस चालेना. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली. खर्च वाढत गेला, कर्ज वाढलं. १८९९ मध्ये प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी जमेना. शेवटी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला तो चित्रांच्या हक्कासकट विकून टाकावा लागला. ज्या चित्रांनी देशभरातली देवघरं भरली, त्यांच्या छपाईवर आता त्याचा हक्क नव्हता. गंमत म्हणजे नव्या मालकाने धंदा नीट चालवून दाखवला. रवि वर्माला हिशेब जमत नव्हता, हे मान्य करावंच लागतं.

त्यात मधुमेह. आणि १९०५ मध्ये राजा वर्मा गेला. हा भाऊ म्हणजे सेक्रेटरी, मॅनेजर, चित्रातली पार्श्वभूमी रंगवणारा हात. दोघांच्या कामाची रोजची नोंद तोच डायरीत ठेवायचा. भावामागून जेमतेम दोन वर्षांच्या आत, २ ऑक्टोबर १९०६ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी रवि वर्मा गेला. त्यानंतर लगेच टीकाकारांनी त्याच्या कामाला नाटकी आणि परकीय ठरवलं.

सिनेमात दादासाहेब फाळके भेटतात, ते बघून टाळी वाजवाल. फाळक्यांनी या प्रेससाठी काम केलं होतं, एवढं खरं. पण त्यांना सिनेमाचं वेड लागलं १९१०च्या सुमारास, तोवर रवि वर्मा जाऊन चार वर्षं झाली होती. सुगंधेचंही तसंच. तिची प्रेमकहाणी बघा जरूर, पण त्याच्या चित्रांसाठी बसणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं त्या अंजनीबाई मालपेकरांची गोष्टही शोधून वाचा. गोव्याच्या कलावंत घराण्यातली ही मुलगी पुढे भेंडीबाजार घराण्याची मोठी गायिका झाली. किशोरी आमोणकर आणि कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले. १९७४ पर्यंत त्या होत्या.

मळवलीचा छापखाना त्याच्या दोनच वर्षं आधी आगीत गेला. १९७९ मध्ये सरकारने रवि वर्माची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर केली. मूळ चित्र आता देशाबाहेर नेता येत नाही. कात्रक रोडवरची लक्ष्मी मात्र अजून घासाघीस करून मिळते.