फिनलंडचा स्वर, तीस वर्षांचे मौन

फिनलंडचा स्वातंत्र्यदिन ६ डिसेंबरला असतो. त्याला दोनच दिवस होतात आणि ८ डिसेंबरला देशभर पुन्हा राष्ट्रध्वज फडकतात. हा दुसरा मान एका संगीतकाराच्या जन्मदिवसाचा आहे. फिनलंड स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर उमटण्यापूर्वी त्याचा स्वर युरोपला ऐकवला तो यान सिबेलियस यांनी. मात्र याच सिबेलियस यांनी आयुष्याच्या अखेरच्या तीस वर्षांत एकही मोठी रचना रसिकांसमोर आणली नाही, आणि जी लिहीत होते ती स्वतःच्या हाताने अग्नीला अर्पण केली. त्यांच्या प्रमुख रचनांचा इतिहास पाहिला की, हे मौन एकाएकी आलेले नव्हते, हे ध्यानात येते.

सिबेलियस यांचा जन्म १८६५ साली हामेनलिन्ना या गावी झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता. त्यांचे वडील डॉक्टर होते. यान अवघ्या अडीच वर्षांचे असताना टायफसच्या साथीत वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबामागे कर्जाचा डोंगर राहिला. घरात बोलली जाई ती स्वीडिश. फिनिश भाषा त्यांना शाळेत नीट आत्मसात करावी लागली. पुढे ज्यांना फिनिश राष्ट्राचा आवाज मानले गेले, त्यांची मातृभाषा फिनिश नव्हती, हा योगायोग लक्षणीय आहे. लहानपणापासून त्यांना ध्यास होता तो व्हायोलिनवादक होण्याचा. १८८५ मध्ये ते कायद्याच्या शिक्षणासाठी हेलसिंकीला गेले. परंतु लवकरच कायदा मागे पडला आणि संगीत हेच जीवितकार्य ठरले. पुढील शिक्षण बर्लिन आणि व्हिएन्ना येथे झाले. व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून प्रवेश मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न १८९१ मध्ये फसला. ती सल त्यांच्या मनात कायमची राहिली.

व्हिएन्नातच त्यांना ‘कालेवाला’ हे फिनिश महाकाव्य नव्याने भेटले. एलिआस लोनरोट यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लोकगीतांमधून हा ग्रंथ सिद्ध झाला होता. त्यातील कुल्लेर्वो या शोकात्म नायकाच्या कथेवर सिबेलियस यांनी दोन गायक, पुरुषांचे गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तासाभराहून अधिक लांबीची भव्य रचना केली. २८ एप्रिल १८९२ रोजी हेलसिंकीत ‘कुल्लेर्वो’ सादर झाले तेव्हा त्याचे संचालन स्वतः सिबेलियस यांनी केले. त्यांचे वय होते २६. एका रात्रीत ते देशाचे नायक झाले. त्याच उन्हाळ्यात आयनो यार्नेफेल्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु ‘कुल्लेर्वो’चे मोजके प्रयोग झाल्यावर त्यांनी ही रचना बाजूला ठेवली. १८९३ नंतर ती त्यांच्या हयातीत संपूर्ण स्वरूपात कधीच वाजली नाही. रसिकांना ती पुन्हा ऐकायला मिळाली ती १९५८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

लेम्मिनकायनेन या दुसऱ्या ‘कालेवाला’ नायकावर त्यांनी चार स्वरकाव्ये लिहिली. ती १८९६ मध्ये सादर झाली. मृतांच्या राज्यातील काळ्या नदीवर तरंगणाऱ्या हंसाचे ‘तुओनेलाचा हंस’ हे त्यांतील सर्वाधिक गाजलेले. तंतुवाद्यांच्या मंद धुक्यातून इंग्लिश हॉर्नचा एकाकी सूर त्यात वाहत राहतो. या चारपैकी दोन भाग मात्र सिबेलियस यांनी रोखून धरले. ते छापून आले ते १९५४ साली.

दरम्यान देशाचे वातावरण तापले होते. झार निकोलस दुसरा याने फेब्रुवारी १८९९ मध्ये जाहीरनामा काढून फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला. वृत्तपत्रांवरही बडगा उगारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पत्रकारांच्या निवृत्तिवेतन निधीच्या निमित्ताने हेलसिंकीत सोहळा झाला. निमित्त निधीचे, पण उद्देश निषेधाचा होता. फिनलंडच्या इतिहासातील प्रसंगांचे देखावे त्यात सादर झाले आणि त्यांना संगीत दिले सिबेलियस यांनी. जागृत होणाऱ्या फिनलंडच्या अखेरच्या देखाव्याचे संगीत म्हणजेच पुढे सुधारून सिद्ध झालेले ‘फिनलंडिया’. आक्सेल कार्पेलान या चाहत्याने हे नाव सुचवले. १९०० मध्ये रॉबर्ट कायानुस यांच्या संचालनाखाली हेलसिंकीचा वाद्यवृंद पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत दौरा करून आला आणि सिबेलियस यांचे संगीत युरोपभर पोहोचले. रशियन सत्तेचा रोष टाळण्यासाठी ‘फिनलंडिया’ कित्येकदा निराळ्याच नावांनी वाजवले जाई. जेमतेम आठ-नऊ मिनिटांच्या या रचनेने आपल्या सिम्फनींना झाकोळून टाकावे, याची खंत सिबेलियस यांना अखेरपर्यंत वाटत राहिली.

कीर्ती वाढली तसे खर्चही वाढले. उंची मद्य, सिगार आणि मित्रांच्या मैफली यांपायी कर्ज साचत गेले. सरकारकडून मिळणारे मानधन पुरत नसे. १९०३ च्या एका नाटकासाठी लिहिलेले ‘वाल्स त्रिस्त’ त्यांनी अल्प मोबदल्यात विकून टाकले. पुढे जगभरच्या उपाहारगृहांत आणि मैफलींत ते वाजत राहिले, मात्र त्याच्या कमाईत कर्त्याचा वाटा नव्हता.

याच काळात त्यांनी आपला एकमेव व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला. वादक म्हणून अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नाची ही भरपाईच म्हणावी लागेल. फेब्रुवारी १९०४ मध्ये हेलसिंकीत झालेला पहिला प्रयोग फसला. रचना अवघड होती आणि वादकाला ती पेलली नाही. सिबेलियस यांनी ती मागे घेतली, तिच्यातील बराच भाग छाटला आणि १९०५ मध्ये बर्लिनला रिचर्ड स्ट्राउस यांच्या संचालनाखाली तिचे नवे रूप सादर झाले. आज जगातील सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंमध्ये त्याची गणना होते.

१९०४ मध्येच सिबेलियस कुटुंब हेलसिंकी सोडून यार्वेनपा येथील नव्या लाकडी घरात राहायला गेले. पत्नीच्या नावावरून घराचे नाव ठेवले ‘आयनोला’. चार वर्षांनी घशात गाठ निघाली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, मद्य आणि सिगार यांचा काही वर्षे त्याग करावा लागला. मृत्यूच्या या सावटानंतर लिहिलेली चौथी सिम्फनी १९११ मध्ये सादर झाली तेव्हा श्रोते बुचकळ्यात पडले. तिच्यात ‘फिनलंडिया’चा जोश नव्हता, सारा साज उतरवलेली, विरक्त अशी ती रचना होती.

पाचवी सिम्फनी त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ८ डिसेंबर १९१५ रोजी सादर झाली. त्या वसंतात आयनोलाच्या परिसरात त्यांनी सोळा हंस उडताना पाहिले होते. त्या दर्शनाने ते भारावून गेले आणि अखेरच्या भागातील हॉर्नची धून त्या हंसांशी कायमची जोडली गेली. तरीही समाधान झाले नाही. महायुद्ध, देशाचे स्वातंत्र्य आणि १९१८ चे यादवी युद्ध अशा धामधुमीत त्यांनी ही सिम्फनी दोनदा नव्याने घडवली. चार भागांचे तीन भाग झाले. आज ऐकली जाते ती १९१९ ची आवृत्ती. सहा ठाम स्वरसंघात आणि त्यांच्यामध्ये निःशब्द अवकाश, असा तिचा शेवट आहे. १९२४ ची सातवी सिम्फनी तर एकाच सलग भागात, वीस-बावीस मिनिटांत पूर्ण होते. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला सादर झालेले ‘तापिओला’ हे अरण्यदेवतेवरील स्वरकाव्य जवळजवळ एका छोट्या स्वरबीजातून वाढत जाते. प्रत्येक रचनेगणिक अनावश्यक ते गाळण्याची त्यांची वृत्ती अधिक कठोर होत गेली होती.

मग आठवी सिम्फनी येणार, अशी वार्ता पसरली. बॉस्टनचे संचालक सर्गेई कुसेविट्स्की यांना तिचे आश्वासन मिळाले होते. तारखा ठरत आणि पुढे ढकलल्या जात. १९३३ मध्ये तिची काही पाने नकलून घेण्यासाठी लेखनिकाकडेही गेली होती. परंतु सिम्फनी आली नाही. १९४० च्या दशकात केव्हातरी सिबेलियस यांनी टोपलीभर हस्तलिखिते आयनोलाच्या जेवणघरातील शेकोटीत टाकली. आयनो यांना ते दृश्य पाहवले नाही. त्यानंतर पती अधिक शांत झाल्याचे त्यांनी पुढे सांगितले. आठवी सिम्फनी त्या ज्वाळांतच संपली, असे मानले जाते. जगाच्या अपेक्षांचे ओझे, बदललेली संगीताची हवा आणि स्वतःविषयीची शंका अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. ‘कुल्लेर्वो’ बाजूला ठेवणारा आणि पाचवी सिम्फनी तीनदा घडवणारा हातच तो होता, एवढे मात्र निश्चित.

२० सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, आयनोला येथे सिबेलियस यांचे निधन झाले. त्याच संध्याकाळी हेलसिंकीत माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखाली पाचवी सिम्फनी वाजत होती. घराच्या बागेतच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. १९६९ मध्ये आयनो यांनाही तेथेच दफन करण्यात आले. घर १९७४ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. २०११ मध्ये आठव्या सिम्फनीच्या असाव्यात अशा काही टिपणांचे वादन हेलसिंकीत झाले. ते तीन मिनिटेही चालले नाही. तेवढ्यावरून सिम्फनी कशी झाली असती याचा अंदाज बांधणे कठीण. आणि सिबेलियस यांची इच्छाही बहुधा हीच असावी.