कार्ल एक्ली आणि सिमेंटची तोफ

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, क्लॅरेन्डन या गावी, १८६४ साली कार्ल एक्ली यांचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या या मुलाला पशुपक्ष्यांचे विलक्षण वेड होते. मेलेल्या प्राण्यांची कातडी टिकवून त्यांना जिवंतपणाचा आभास देण्याची कला त्यांनी तरुणपणीच आत्मसात केली. त्या काळी अशा कातड्यांत पेंढा कोंबीत असत. त्यामुळे दिमाखदार जनावरही फुगलेल्या गादीसारखे दिसे. एक्लींना ते पाहवेना. ते प्राण्याची स्नायूंसह मातीची प्रतिकृती घडवीत आणि तिच्यावरून केलेल्या हलक्या आकृतीवर कातडे चढवीत.

१८९६ साली ते शिकागोच्या फील्ड संग्रहालयात दाखल झाले. हे संग्रहालय १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातील एका इमारतीत होते. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले होते. प्रदर्शन संपले, परंतु इमारत राहिली आणि तिच्या बाहेरच्या गिलाव्याचे पोपडे गळू लागले. एवढ्या प्रचंड भिंती थापीने लिंपणे फार वेळखाऊ व खर्चाचे होते.

गिलावा फवारून लावावा, ही कल्पना एक्लींना सुचली. पण ओले मिश्रण नळीतच घट्ट होऊन बसले तर? एक्लींनी काढलेली तोड मोठी साधी होती. सिमेंट व वाळू यांचे कोरडे मिश्रण दाबाखालील हवेने नळीतून पुढे ढकलायचे आणि पाणी अगदी शेवटी, नळीच्या तोंडाशी, त्यात मिसळायचे! १९०७ साली हे यंत्र कामाला लागले आणि इमारतीच्या भिंतींवर नवा थर चढला. १९११ साली एक्लींना त्याचे पेटंट मिळाले. लोक त्याला सिमेंटची तोफ म्हणू लागले.

एक्लींचे मन मात्र आफ्रिकेच्या रानात होते. १९१० साली केनिया पर्वतावर एका हत्तीने त्यांना चिरडून मरणाच्या दारी नेले. तरीही ते पुन्हा तेथे गेले. १९२१ साली संग्रहालयासाठी त्यांनी गोरिलांची शिकार केली, पण हा प्राणी नामशेष होईल या चिंतेने त्यांना घेरले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९२५ साली बेल्जियन काँगोत गोरिलांसाठी राखीव उद्यान स्थापन झाले. १९२६ साली तेथेच, मिकेनो पर्वताच्या उतारावर, आजारपणात त्यांचा अंत झाला.

त्यांची तोफ मागे राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, पोहण्याचे तलाव या रीतीने बांधले जाऊ लागले. खड्डा खणून त्यात लोखंडी गजांची जाळी बांधतात व तिच्यावर मिश्रणाचा मारा करतात. मागे खड्ड्याचीच भिंत असल्याने लाकडी साच्यांची गरज फारशी उरत नाही. तलाव वाटोळा असो की वाकडातिकडा, त्याचे कवच सलग, एकसंध होते. पुढे आणखी एक रीत निघाली. तीत काँक्रीट आधीच भिजवून पंपाने नळीत सोडतात आणि तोंडाशी केवळ हवेचा जोर देतात.

दोन्ही रीतींत खरी कसोटी नळी धरणाऱ्या हाताची. मारा भिंतीवर सरळ समोरून बसला पाहिजे, तिरपा नव्हे. गजांच्या मागेही मिश्रण भरले पाहिजे. कोरड्या रीतीत तर पाणीही त्यालाच बेताने सोडावे लागते. आपटून उसळलेली वाळू तळाशी साचते. ती तशीच गाडली गेली, तर ती जागा पोकळ राहते व पाणी झिरपू लागते. म्हणून जाणता कारागीर ती पुन्हा न वापरता उपसून बाहेर टाकतो.