भरवशाचं माणूस : माता रमाई



मी आयटीत काम करतो. आमच्याकडे नीट चालणाऱ्या सिस्टीमची कुणी चौकशी करत नाही. ती बंद पडली की मगच तिची आठवण होते. घरातल्या भरवशाच्या माणसाचंही तसंच होतं. आपल्या रमाईंचं आयुष्य आठवून पाहा.

दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली त्यांचा जन्म झाला. वडील माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दुकानं बंद झाल्यावर, भीमरावांशी लग्न लागलं. १९१३ साली सासरे वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. १९१७ ला परतले, १९२० ला पुन्हा लंडनला गेले ते १९२३ पर्यंत. तेव्हा तुटपुंज्या पैशांत मुंबईतलं घर रमाईंनी चालवलं. पुढे पाच मुलांपैकी एकटे यशवंत उरले. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचं निधन झालं. नंतर बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

आपणही परदेशात शिकलो, स्थिरावलो, ते मागे कुणीतरी घर धरून ठेवलं म्हणूनच. क्लायंटला दिलेली तारीख आपण पाळतो; घरी दिलेला शब्द मात्र मीटिंग लांबली म्हणून मोडतो. मीही मोडला आहे. चौथं शील रोज म्हणणाऱ्याने हे तपासायला हवं.

या रविवारी ठरल्या वेळी आईला फोन करा. ऋण माणूस असतानाच मानावं.

नमो बुद्धाय.