पंडिता रमाबाई

ज्या काळीं अँग्लिकन चर्चमध्यें स्त्रियांस धर्मगुरूचें पद मिळत नसे, त्या काळीं पदावांचून थोर धर्मसेवा करणाऱ्या पंडिता रमाबाईंचें चरित्र मनन करण्यासारखें आहे.

त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें व आईनें तें धन मुलीस दिलें. दुष्काळाच्या हालांत आईबाप निवर्तले. भावासह पायीं देश हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथें विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आंत पतिही वारले.

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांनीं पुरुषांस शिकविण्यास बिशपांनीं हरकत घेतली, तेव्हां बाईंनीं आपला विरोध निर्भयपणें कळविला.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता. तेथून आणिलेल्या शेंकडों निराधार मुलींस त्यांच्यामुळें आश्रय मिळाला. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें; त्याचे खिळे आश्रमाच्या मुलींनींच जुळविले. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या.

इंग्लंडच्या चर्चनें स्त्रियांस धर्मगुरुपदाची दीक्षा प्रथम १९९४ सालीं दिली. त्या चर्चच्या पंचांगांत ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. विद्यार्थ्यांनो, अधिकार मिळेपर्यंत सेवा थांबवूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.