रवींद्रनाथ टागोर आणि चंडालिकेचे नृत्य



रवींद्रनाथ टागोर कोण, असं विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल : राष्ट्रगीताचे कवी, नोबेल मिळवणारे, शांतिनिकेतनवाले. परीक्षेला एवढं पुरतं. आज मात्र मी तुम्हाला वेगळे रवींद्रनाथ सांगणार आहे. साठी ओलांडल्यावर त्यांनी मुलींना रंगमंचावर नाचायला उभं केलं आणि त्यापायी लोकांची बोलणी खाल्ली. जिच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं, अशा एका मुलीची गोष्टही त्यांनी नाचातून सांगितली.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासांको येथे झाला. वडील देवेंद्रनाथ, आई शारदादेवी. चार भिंतींची शाळा त्यांना कधीच मानवली नाही. घरात मात्र गाणे आणि नाटक भरपूर. १८८१ साली त्यांनी 'वाल्मीकिप्रतिभा' हे संगीतनाटक लिहिले आणि वाल्मीकीचे काम स्वतः केले. पुढे १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. त्यानंतरची काही वर्षे फार कठीण गेली. पत्नी, मुलगी, वडील आणि धाकटा मुलगा असे एकामागून एक गेले. १९१३ साली नोबेल मिळाले. हा भाग तुम्हाला पुस्तकात सापडेल, म्हणून मी पुढे जाते.

१९१९ साली रवींद्रनाथ सिल्हेटकडे गेले होते. तिथे त्यांनी मणिपुरी नृत्य पाहिले आणि ते त्यांच्या मनात बसले. हे आपल्या शाळेत शिकवायचंच, असं त्यांनी ठरवलं आणि त्रिपुराहून नृत्यगुरू बोलावले. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने चारचौघांत नाचणे म्हणजे घराची अब्रू जाणे, असे समजत. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? तमाशातली लावणी ऐकायला गर्दी व्हायची, पण लावणी करणारीला गावात मान नव्हता. आणि खरं सांगू का, हे पूर्ण संपलेलं नाही. गॅदरिंगच्या वेळी आमची मुलगी नाचणार नाही, असं सांगायला येणारे पालक मी दरवर्षी बघते.

१९२६ मध्ये रवींद्रनाथांनी 'नटीर पूजा' लिहिले. बौद्ध कथेवर आधारलेल्या या नाटकात श्रीमती नावाची राजनर्तकी आहे. बुद्धाच्या पूजेला राज्यात बंदी असते आणि तिला अपमान म्हणून स्तूपापुढे नाचायला लावतात. ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवते. आत भिक्षुणीचे वस्त्र असते. तिचे नृत्य हीच तिची पूजा ठरते आणि त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात. ही भूमिका चित्रकार नंदलाल बोस यांच्या मुलीने, गौरीने केली. कोलकात्यात प्रयोग करायची वेळ आली तेव्हा टीका होणार हे उघड होते. तेव्हा रवींद्रनाथांनी नाटकात उपाली या भिक्षूची भूमिका नव्याने घातली आणि स्वतः रंगमंचावर गेले. त्यांचे वय तेव्हा ६५ होते. बोलायचं तर मला बोला, असंच जणू त्यांनी लोकांना दाखवून दिलं. शिक्षक म्हणून मला त्यांचं हे वागणं त्यांच्या नोबेलपेक्षा मोठं वाटतं.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्यास त्यांचा विरोध होता, तर डॉ. आंबेडकरांना ते हवे होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. तब्येत बरी नसतानाही रवींद्रनाथ तिथे पोहोचले. २६ सप्टेंबरला उपोषण सुटले तेव्हा ते गांधीजींजवळ होते आणि त्यांनी आपले एक गीतही गायले. त्या करारात आंबेडकरांना काय सोडावे लागले, हे मोठ्या वर्गात गेल्यावर नक्की वाचा. ती बाजू वाचल्याशिवाय हा प्रसंग अर्धाच कळतो.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, 'चंडालिका' हे नाटक आले. १९३८ साली रवींद्रनाथांनी त्याचे नृत्यनाट्य केले. नायिका प्रकृती ही चांडाळाची मुलगी. नृत्यनाट्याच्या सुरुवातीला रस्त्यावरून दहीवाला येतो, बांगडीवाला येतो. ही कोण ते कळताच दोघेही तिच्यापासून दूर होतात. मग विहिरीपाशी बुद्धांचा शिष्य आनंद तिच्याकडे पाणी मागतो. मी अस्पृश्य आहे, असे ती सांगते. तूही माणूस, मीही माणूस, असं समजावून तो तिच्या हातून पाणी पितो आणि निघून जातो.

इथे गोष्ट संपली असती तर ती आपल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखी झाली असती! पण प्रकृतीला आता तो आनंदच हवा असतो. आई मंत्र घालून त्याला ओढून आणते. आरशात प्रकृतीला त्याची तडफड दिसते आणि ती हादरते. ज्याने आपल्याला माणूस म्हटले त्यालाच आपण छळतो आहोत, हे तिला कळते. ती मंत्र मागे घ्यायला लावते आणि त्यात आईचा जीव जातो. अपमान सोसलेल्या मुलीला रवींद्रनाथांनी नुसती बिचारी ठेवली नाही. तिला हट्ट दिला आणि चूकही करू दिली.

मला एक गोष्ट मात्र खटकते. प्रकृतीला तिची किंमत दुसरा कोणीतरी येऊन सांगतो. आपल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी लोकांनी चवदार तळ्याचे पाणी स्वतःच्या ओंजळीने घेतले होते. दोन्ही गोष्टी पाण्याच्याच आहेत, पण एक नाही.

या नृत्यनाट्यांमागे रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमादेवी यांचे मोठे कष्ट होते. प्रयोगात कवी स्वतः रंगमंचाच्या कडेला बसत. महाभारतावरचे 'चित्रांगदा' घेऊन ते १९३६ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, संस्थेसाठी पैसे जमवायला उत्तर भारतात फिरले. दिल्लीत गांधीजींनी ६०,००० रुपये मिळवून दिले आणि आता दगदग थांबवा, अशी विनंती केली. ७ ऑगस्ट १९४१ रोजी जोडासांकोच्या त्याच घरात रवींद्रनाथांचे निधन झाले.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगितली आणि मग आम्ही ती करून बघायची ठरवली. प्रकृती व्हायला सात हात वर आले, त्यात दोन मुलगे. आनंदही लगेच मिळाला. दहीवाला व्हायला कोणी तयार होईना. शेवटी ते काम मीच केलं. माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहिलेली मुलगी, मी तोंड फिरवल्यावर, नाटक विसरून खरोखरच माझ्याकडे बघत राहिली.